मदत हवी आहे: सेगाचे पडद्यावरचे लोगो – जुना मेगा ड्राइव्ह कुणाकडे आहे का?

नमस्कार मंडळी,

सेगा या जपानी व्हिडिओ गेम कंपनीचं यंत्र (मेगा ड्राइव्ह हे त्यातलंच एक) किंवा खेळ सुरू करताना टीव्हीवर जो लोगो यायचा, तो १९९०च्या दशकात कसा बदलत गेला हे एका व्हिडिओत क्रमाने लावतो आहे. बरंचसं जमलंय, दोन ठिकाणी अडलोय.

जमलेलं आधी सांगतो. ‘सॉनिक द हेजहॉग’ (१९९१): पांढऱ्या पडद्यावर निळी अक्षरं, त्यांतून सरकणारी चमक आणि ‘सेऽगाऽ’ हा समूहस्वर. अख्खा खेळ ५१२ किलोबाइटचा, तरी या एका हाकेसाठी त्यांनी खराखुरा रेकॉर्ड केलेला आवाज बसवला! मला आजही ते ऐकून भारी वाटतं. पुढच्या वर्षी दुसऱ्या भागात सॉनिक स्वतः पडद्यावरून सुसाट पळतो आणि लोगो उमटतो. ड्रीमकास्ट या सेगाच्या नंतरच्या यंत्राची (१९९८) ती गिरकीसारखी खूण जपान-अमेरिकेत नारिंगी आणि युरोपात निळी, म्हणून दोन्ही घेतल्या आहेत.

आता पहिली अडचण. नंतर बनलेल्या मेगा ड्राइव्ह यंत्रांवर लोगोच्याही आधी काळ्या पडद्यावर ‘प्रोड्यूस्ड बाय ऑर अंडर लायसन्स फ्रॉम सेगा एंटरप्रायझेस लिमिटेड’ अशी पाटी येते. ही पाटी खेळातली नाही, यंत्रातली आहे. कार्ट्रिजने (खेळाच्या कॅसेटने) यंत्राच्या आतल्या ठरावीक पत्त्यावर सेगाची चार इंग्रजी अक्षरं लिहिली तरच खेळ पुढे चालतो, नाहीतर अडतो. परवान्याशिवाय खेळ काढणाऱ्यांना रोखायला केलेलं हे कुलूप. त्यावरून अकोलेड कंपनीशी खटला झाला आणि १९९२मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने अकोलेडच्या बाजूने कौल दिला. लोगोच्या इतिहासात ही पाटी हवीच, असं माझं ठाम मत आहे. पण बरेच एम्युलेटर (संगणकावर जुन्या यंत्राची नक्कल करणारे प्रोग्रॅम) ती गाळून थेट खेळ सुरू करतात. पाटी दाखवणारं यंत्र बाहेरून कसं ओळखायचं? यंत्रावर छापलेल्या ‘हाय डेफिनिशन ग्राफिक्स’ या अक्षरांवर भरवसा ठेवता येतो का?

दुसरी अडचण आपल्याकडची. भारतात मेगा ड्राइव्ह शॉ वॉलेस कंपनीने विकला होता. आपले तेव्हाचे टीव्ही पाल पद्धतीचे, म्हणजे ५० हर्ट्झचे (सेकंदाला ५० वेळा चित्र बदलणारे). ६० हर्ट्झसाठी लिहिलेला खेळ त्यावर तसाच चालवला तर साधारण सहाव्या हिश्श्याने संथ होतो. म्हणजे इथल्या पोरांनी पाहिलेला लोगो अमेरिकेतल्या पोरांपेक्षा जरा सावकाश आला असणार. नेटवर मला सापडलेले बहुतेक व्हिडिओ ६० हर्ट्झचे आहेत.

तर भारतात विकत घेतलेलं मेगा ड्राइव्ह यंत्र कुणाच्या माळ्यावर असेल आणि चालू होत असेल, तर बटण दाबल्यापासून खेळाचं नाव येईपर्यंतचं चित्रीकरण मिळेल का? कॅप्चर कार्ड (टीव्हीचं चित्र थेट संगणकात घेणारं उपकरण) नसेल तर टीव्हीसमोर मोबाईल स्थिर ठेवून केलं तरी चालेल, फक्त आवाज नीट यायला हवा. सोबत यंत्राच्या खालच्या लेबलचा फोटो द्या, अनुक्रमांक झाकून. यंत्र चालत नसेल तरी तो फोटो उपयोगी पडेल.

आगाऊ धन्यवाद.