पाच दिवसांची वरात आणि द्राक्षांची चार गावं

ओसरी:
इटलीच्या पिएमोन्तमध्ये मोनफेर्रातो नावाचा टेकड्यांचा, द्राक्षमळ्यांचा भाग आहे. २०२४ मध्ये ४ ते ८ सप्टेंबर तिथे ‘पानोरामा’ हे कलाप्रदर्शन भरलं होतं. कामान्या, विन्याले, मोन्तेमान्यो, कास्तान्योले अशी चार गावं, चौघांची वस्ती मिळून पाच हजारांच्या आत. मी दोन दिवस फिरले, पाय मोडेस्तोवर. मजा आली, नाही म्हणत नाही. तरी माझं मत असं की हा त्या गावांचा उत्सव नव्हताच. आयोजक ‘इटालिक्स’, म्हणजे २०२० साली एकत्र आलेल्या गॅलऱ्यांचा गट. २०२१ ला प्रोचिदा बेट, मग मोनोपोली, मग लाक्विला, मग ही चार गावं, २०२५ ला पोत्सुओली. दर वर्षी मांडव दुसऱ्याच्या दारात आणि लग्न मात्र यांच्याच घरचं!

कास्तान्योलेत एका गल्लीत आम्ही पंधरा-वीस जण एका दाराचा फोटो काढत उभे होतो. मागे एक आजोबा ट्रॅक्टर बंद करून थांबलेले. ट्रॉलीत द्राक्षांचे क्रेट, त्यावर माश्या. तिथलं रुके द्राक्ष लवकर पिकतं, म्हणजे ऐन तोडणीचे दिवस. गावाला विचारून तारीख ठरवली असती तर ही ठरली असती का?

निवडुंग:
साफ असहमत. मांडवाची उपमा छान आहे, पण मांडव घातला की दारापुढची जागा झाडली जाते, दिवे लागतात, हेही धरा की. आणि गॅलऱ्या म्हणजे बाजार, म्हणून नाक मुरडायचं? तिथल्या चर्चमधली जुनी चित्रं काय चित्रकारांनी फुकट काढून दिली होती? ज्याच्याकडे पैसा त्याने काम सांगितलं. आज गॅलरी आहे, तेव्हा धर्मपीठ होतं.

ट्रॅक्टर दहा मिनिटं थांबला, एवढंच ना?

ओसरी:
सप्टेंबरच्या उन्हात तोडलेल्या द्राक्षांसाठी दहा मिनिटं ‘एवढंच’ नसतात हो. बाकी धर्मपीठाचा मुद्दा मान्य. पण ती चित्रं भिंतीवर राहिली. ही सहाव्या दिवशी खोक्यात गेली.

तळघर:
दोघंही जमिनीच्या वरच भांडताय. कामान्या-विन्यालेकडे घरांखाली ‘इन्फेर्नोत’ असतात, कुणी उतरलं का त्यात? तिथे ‘पिएत्रा दा कान्तोनी’ नावाचा पिवळसर, मऊ दगड आहे. समुद्राच्या तळाचा, अजून शिंपले सापडतात त्यात. हिवाळ्यात शेतात काम नसे तेव्हा शेतकरी छिन्नी घेऊन तळघराच्याही खाली एक खोली कोरत बसायचे. खिडकी नाही, झरोका नाही, भिंतीतच बाटल्यांसाठी फळ्या आणि कोनाडे कोरलेले. मी एका घरात उतरलो होतो. घराच्या बाईंनी टॉर्च तिरका धरला आणि छिन्नीचा एकेक घाव उठून दिसला, एका कोपऱ्यात घाव उलट्या दिशेचे. “तिथे डावखुरा बसला असणार,” म्हणाल्या.

युनेस्कोने २०१४ साली या भागातले मळे जागतिक वारशात घेतले, त्यात हे इन्फेर्नोतही आहेत. त्या माणसांना कुणी कलाकार म्हटलं नाही, ते स्वतःही म्हणाले नसते. म्हणून बाहेरून कला आली याचं मला दुःख नाही. ती आली आणि खाली उतरलीच नाही असं झालं तर वाईट. माझ्यापुरतं सांगायचं तर कामान्याला मी गेलो चर्चचा तो अवाढव्य घुमट बघायला, आणि लक्षात राहिला डावखुरा.

रेघोट्या:
तळघर, क्या बात है.
जपानातला एचिगो-त्सुमारी हा कलामहोत्सव बघा. २०००पासून, दर तीन वर्षांनी, ७६० चौरस किलोमीटरमध्ये. तिथल्या भातखाचरांत काबाकोव या कलाकार दांपत्याचं काम आहे, शेतीची कामं करणाऱ्या माणसांच्या निळ्या-पिवळ्या आकृत्या. त्या खाचराचा मालक शेती सोडायच्या विचारात होता, आधी नाहीच म्हणाला. नंतर तयार झाला आणि पुढे काही वर्षं कसतही राहिला. दर वर्षी गाव बदललं असतं तर हे जमलं असतं? ओसरीताईंना माझं अर्धं मत.

निवडुंग:
कायमचंच हवं असेल तर लांब कशाला जाता? शेजारीच बारोलो वाइनच्या मळ्यात, ला मोर्रा गावाला, एक छोटं प्रार्थनाघर आहे. मळ्यातल्या मजुरांना गारपिटीत आडोसा म्हणून १९१४ मध्ये बांधलं, नंतर पडीक. १९९९ मध्ये सोल लेविट या कलाकाराने ते बाहेरून भडक रंगवलं, आतून डेव्हिड ट्रेमलेट या दुसऱ्या कलाकाराने. अजून आहे, लोक जातात. पण मालक कोण? वाइनवालेच. म्हणजे कायमचं केलं तरी बाटलीची जाहिरात, पाच दिवसांचं केलं तरी वरात. मग करायचं काय कलाकाराने?

आणि ते रुके. ते तरी कुणी वाचवलं? कास्तान्योलेच्या चर्चमध्ये १९६४ साली डॉन जाकोमो काउदा हे पाद्री बाहेरूनच आले. चर्चच्या मळ्यात या द्राक्षाच्या थोड्या ओळी उरल्या होत्या, त्यांनी त्याची वेगळी वाइन करून बाटल्या भरल्या. आज त्याला इटलीतला सर्वात वरचा दर्जा आहे.

ओसरी:
ते आले आणि राहिले, निवडुंग. स्वतः ट्रॅक्टर चालवायचे.

तळघर:
ट्रॅक्टरवरून आठवलं. ते आजोबा पुढे गेले का कुठे?

ओसरी:
गेले ना. संध्याकाळी मला चर्चमध्येच दिसले. टोपी हातात. मोठ्या चित्रासमोरून सरळ चालत गेले, त्याच्या बाजूला भिंतीला ओल आली होती तिथे थांबले, अंगठ्याने पोपडा काढून पाहिला आणि दाराशी उभ्या असलेल्या पोराला हाक मारून काहीतरी सांगू लागले. माझं इटालियन तेवढं चांगलं नाही.