मदत हवी आहे : बहिणीला प्रोजेस्टेरॉन सुरू झालंय, काही शंका आहेत

नमस्कार. आम्ही नागपूरला मानेवाड्यात राहतो. धाकट्या बहिणीला 22वा आठवडा सुरू आहे. पहिलं बाळ 33व्या आठवड्यातच झालं होतं, त्यामुळे घरात सगळेच धास्तावलेले. परवाच्या सोनोग्राफीत गर्भाशयमुखाची लांबी 21 मिमी आली, 25 च्या खाली म्हणजे कमीच. डॉक्टरांनी रोज रात्री योनीमार्गात ठेवायची 200 मिलिग्रॅमची प्रोजेस्टेरॉनची गोळी दिली. ओपीडीत इतकी गर्दी, की विचारायचं राहूनच गेलं.

वाचून मला एवढं कळलं की हे हार्मोन गर्भाशयाला शांत ठेवतं आणि दाह पेटवणाऱ्या एनएफ-कप्पा-बी या प्रथिनाला आवर घालतं. संसर्ग झाला की इंटरल्युकिन (दाहाचे संदेश देणारी प्रथिनं) वाढतात, मग प्रोस्टाग्लँडिन (कळा आणणारं रसायन), त्याने गर्भाशयमुख मऊ पडतं आणि कळा सुरू होतात. पण बाईच्या रक्तातलं प्रोजेस्टेरॉन कळांच्या आधी घटत नाही, गर्भाशयाच्या पेशीच त्याला दाद देईनाशा होतात. इथेच मी अडकले. मग वरून दिलेली गोळी काम कशी करते?

दुसरं, मागच्या महिन्यात तिला लघवीचा संसर्ग झाला होता. गोळ्यांचा कोर्स पूर्ण केला, आता जळजळ नाही. तरी युरिन कल्चर (लघवीत जंतू आहेत का ते पाहणारी तपासणी) पुन्हा करायला हवं का?

रात्री गोळी ठेवली की ती पोटावर हात ठेवून छताकडे पाहत पडून राहते. मला विचारते, "ताई, थांबेल ना गं बाळ?" कुणी स्त्रीरोगतज्ज्ञ, नर्स किंवा यातून गेलेल्या ताई असतील तर कृपया सांगा. शनिवारी पुन्हा दाखवायला जायचंय, डॉक्टरांना नेमकं काय विचारू?