हॅरी पॉटरचा ट्रीकल टार्ट: गोल्डन सिरप नसेल तर काय? आणि तळ कच्चा का राहतो?

निशिगंध
३१ जुलैला, म्हणजे हॅरीच्या वाढदिवशी, भाचरांसाठी ट्रीकल टार्ट (मैद्याच्या पारीत सिरप आणि पावाच्या चुऱ्याचं गोड सारण) करायचा आहे. हॉगवर्ट्सच्या पहिल्याच मेजवानीत तो ताटात येतो, आणि सहाव्या पुस्तकात अमॉर्टेन्शिया या प्रेमात पाडणाऱ्या जादुई काढ्याच्या वाफेतही हॅरीला त्याचाच वास येतो. त्यामुळे दुसरा कुठला केक मुलं चालवून घेणार नाहीत.

२८ लिटरचा ओटीजी आणि सुट्या तळाचा २३ सेंमीचा टार्ट टिन आहे. गोल्डन सिरप (साखरेचा सोनेरी, घट्ट पाक) इथे साताऱ्यात दुकानात मिळत नाही, मग काळी मोलॅसिस घालू की काकवी? शिवाय टार्टच्या कडा आक्रसून खाली बसतात आणि तळ ओला राहतो, त्यावर उपाय हवा. अंडं नको, येणाऱ्यांपैकी दोघं खात नाहीत.

दालचिनी
काळी मोलॅसिस अजिबात नको, टार्ट कडू होईल. नाव ट्रीकल असलं तरी ब्रिटनमध्ये त्यात घालतात ते गोल्डन सिरपच, आणि ते घरी उत्तम होतं.

जाड बुडाच्या पातेल्यात १०० ग्रॅम साखर आणि २ टेबलस्पून पाणी मंद आचेवर ठेवा. रंग गडद मधासारखा झाला की गॅस बंद करून ३०० मिली उकळतं पाणी कडेने थोडं थोडं ओता. जोरात उसळतं, म्हणून पातेलं खोल घ्या आणि हात लांब ठेवा. आता ५०० ग्रॅम साखर आणि एका लिंबाचा रस घाला. साखर विरघळेपर्यंतच ढवळायचं. उकळी फुटली की चमचा बाहेर, पुन्हा आत घालायचा नाही. कडेला साखरेचे कण दिसले तर ओल्या ब्रशने खाली उतरवा, नाहीतर सगळा पाक साखरतो.

अगदी बारीक आचेवर साधारण ४० मिनिटं लागतात. थर्मामीटर असेल तर ११० ते ११२ अंशांवर उतरवा. नसेल तर फ्रीजमधल्या गार ताटलीवर थेंब टाका: तो पसरून पळता कामा नये, पण ताटली तिरकी केली की हळूहळू सरकला पाहिजे. लिंबू चवीपुरतं नाही बरं का. आम्लामुळे साखरेचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं, म्हणून हा पाक गार झाल्यावरही साखरत नाही. एवढ्या साखरेत ७०० ग्रॅमच्या आसपास सिरप होतं, म्हणजे एका टार्टला लागून उरतं.

सारण: ४०० ग्रॅम सिरप, ५० ग्रॅम बटर, १०० ग्रॅम पावाचा चुरा, २ टेबलस्पून लिंबाचा रस, दोन लिंबांची किसलेली साल. आपल्या कागदी लिंबाची साल पातळ असते. पिवळी झालेली लिंबं घ्या आणि फक्त वरचा रंग किसा, पांढरं आलं की कडवटपणा आलाच. सिरप आणि बटर कोमट करून बाकीचं मिसळा आणि १० मिनिटं झाकून ठेवा.

चुऱ्यात सगळ्यात जास्त चुका होतात. आदल्या दिवशीच्या पांढऱ्या ब्रेडच्या कडा काढून मिक्सरमध्ये फिरवा. बाजारचे कोरडे ब्रेडक्रम्स त्याच वजनाचे घातले तर ते सगळं सिरप पिऊन टाकतात आणि सारण दगड होतं. मुरल्यावर सारण चमच्यावरून जाडसर ओघळलं पाहिजे. गोळाच पडला तर आणखी थोडं सिरप घाला.

अंड्याची गरजच नाही, जुनी कृती बिनअंड्याचीच आहे. हल्लीच्या कृतींत एक अंडं आणि क्रीम असतं, त्याने मधला भाग कस्टर्डसारखा मऊ होतो, इतकंच.

गवतीचहा
आता खालच्या भागाचं बघू. २०० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम बटर, १ टेबलस्पून पिठीसाखर, २ ते ३ टेबलस्पून बर्फाचं पाणी. अमूलचं नेहमीचं बटर खारट असतं, त्यामुळे वर मीठ नको. बटर फ्रीझरमध्ये घट्ट करून किसा आणि मैद्यात बोटांच्या टोकांनी चोळा, तळहाताच्या उबेने ते वितळतं. रवाळ झालं की पाणी घालून फक्त गोळा जमवा. कणकेसारखं मळलंत की ग्लुटेन तयार होतं, आणि कडा आक्रसतात त्या त्यामुळेच.

अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून ३ मिमी जाड लाटा. टिनमध्ये पारी ताणून बसवू नका, सैल सोडून कोपऱ्यात दाबा, कारण ताणलेली पारी ओव्हनमध्ये मागे सरकतेच. कडेवर सेंटिमीटरभर बाहेर राहू द्या, भाजल्यावर सुरीने कापता येते. काट्याने टोचे मारून पुन्हा अर्धा तास फ्रीजमध्ये.

तळ ओला राहतो तो ब्लाइंड बेक, म्हणजे सारण न भरता पारी आधी भाजणं, अर्धवट सोडल्याने. बटर पेपर घालून वर काठोकाठ राजमा भरा, १९० अंशांवर १५ मिनिटं. मग पेपर आणि राजमा काढून आणखी ७-८ मिनिटं, तळ हाताला कोरडा आणि किंचित खरखरीत लागेपर्यंत. ही दुसरी पायरी बरेच जण गाळतात. भेग दिसली तर राखून ठेवलेल्या कच्च्या पिठाची चिमूट दाबून बुजवा, नाहीतर सिरप तिथून गळून टिनला चिकटतं आणि टार्ट अख्खा निघत नाही.

ओटीजीत दोन्ही रॉड चालू ठेवा. खालच्या खाचेत रिकामा ट्रे ठेवूनच ओव्हन तापवा आणि टिन थेट त्या तापलेल्या ट्रेवर ठेवा. सारण भरल्यावर १७० अंशांवर २५ ते ३० मिनिटं. कडेचं सारण फुगलेलं आणि मध्यभाग किंचित थरथरता असताना बाहेर काढा, तो गार होताना धरतो. मध्यापर्यंत खदखदू दिलंत तर चिक्की होईल.

निशिगंध
दोघांचेही आभार, सिरप या रविवारीच करून ठेवते. काकवी मग बादच का? आणि मुलं बारा आहेत, छोटे छोटे टार्ट केले तर?

पन्हाळा
काकवी बाद कशाला? फक्त पूर्ण ४०० ग्रॅम नको. तिचा वास लिंबाला दाबून टाकतो आणि सगळा टार्ट गुळाच्या पोळीकडे झुकतो. १०० ग्रॅम काकवी आणि ३०० ग्रॅम सिरप हे प्रमाण छान जमतं, रंगही खुलतो. पातळ काकवी असेल तर आधी पाच मिनिटं आटवून घ्या, नाहीतर सारण सैल राहतं.

छोटे जरूर करा. पहिल्या पुस्तकात हॅरी एक आख्खा ट्रीकल टार्ट उचलतो, तेव्हा ते छोटेच असणार! १२ कप्प्यांच्या मफिन ट्रेमध्ये ९ सेंमीच्या चकत्या बसवा. पारी जरा पातळ लाटा म्हणजे बारा निघतील. प्रत्येकात सारण काठाच्या अर्धा सेंमी खालपर्यंतच भरा, उतू गेलं तर सुटणार नाहीत. सारण उरेल. बेकिंग १५ ते १८ मिनिटं, आणि पूर्ण गार व्हायच्या आत, कोमट असतानाच सुरीने सोडवून घ्या. उरलेल्या पारीच्या हॅरीच्या कपाळावर आहे तशा विजेच्या खुणा कापून वेगळ्या भाजा आणि शेवटी वर ठेवा. कच्च्या ठेवल्या तर सारणात बुडतात.

दालचिनी
एक राहिलं. जुलैची हवा दमट, आणि हे सारण हवेतलं पाणी ओढून घेतं. म्हणून आदल्या दिवशी फक्त सिरप आणि पारी तयार ठेवा, भाजणं त्याच दिवशी सकाळी. गरम असताना झाकू नका, फ्रीजमध्ये तर नकोच. पारी मऊ पडली तर १५० अंशांवर ८ मिनिटं ठेवली की पुन्हा खुसखुशीत होते. वाढताना सोबत घरची जाड साय द्या, बिनसाखरेची.