मदत हवी आहे: मित्रांसाठी चालवलेला मॉडेड माइनक्राफ्ट सर्व्हर अडखळतोय, जग न मोडता कसा सुधारावा?

नमस्कार मंडळी,

आम्ही आठ मित्रमैत्रिणी. एकत्र शिकलो, आता जो तो वेगळ्या ठिकाणी. आठवड्यातून एकदा रात्री जमतो ते माइनक्राफ्ट या ठोकळ्यांच्या खेळात, आणि त्यासाठीचा मॉडेड सर्व्हर (खेळात नव्या गोष्टी घालणारे मॉड जोडलेला) मी चालवते. जावा एडिशन १.२०.१, फोर्ज (मॉड चालवणारी प्रणाली), जावा १७ (सर्व्हर ज्यावर चालतो ते सॉफ्टवेअर), मॉड १८० च्या आसपास. सर्व्हर भाड्याचा आहे, १२ जीबी रॅमचा. बरेच महिने छान चालला. आता तिघांपेक्षा जास्त जण आले की खेळणं अवघड होतं. माझ्या मते यात दोन वेगळी दुखणी एकत्र झाली आहेत, म्हणून दोन्ही नीट मांडते.

पहिलं म्हणजे अडखळणं. पेटी उघडावी तर झाकण वर येतं, पण आतलं काहीच दिसत नाही. दगड फोडला की क्षणभरात तो पुन्हा जागेवर हजर. गाई-मेंढ्या थिजतात आणि मग एकदम पुढे उडी मारतात. कन्सोलवर 'कान्ट कीप अप! इज द सर्व्हर ओव्हरलोडेड?' ही ओळ सारखी येते, पुढे २१०० मिलिसेकंद, ४२ टिक (टिक म्हणजे खेळाच्या हिशेबाची एक फेरी) मागे, असे आकडे.

नेटवर्कचा दोष नाही याची मला बऱ्यापैकी खात्री आहे. बोलायला आम्ही सिंपल व्हॉइस चॅट हा मॉड वापरतो. त्याचा आवाज २४४५४ या वेगळ्या यूडीपी पोर्टवरून जातो, आणि सगळं जग थिजलेलं असतानाही आम्हाला एकमेकांचं बोलणं स्वच्छ ऐकू येतं. पिंगही (सर्व्हरकडून उत्तर यायला लागणारा वेळ) नेहमीइतकाच. म्हणजे वाट मोकळी आहे, सर्व्हरलाच काम उरकत नाही. सर्व्हरचा वेळ कुठे जातो ते मोजणाऱ्या स्पार्क मॉडनेही तेच सांगितलं. सेकंदाला २० टिक व्हायला हव्यात, म्हणजे एका टिकला जास्तीत जास्त ५० मिलिसेकंद. आमच्याकडे पाच जण असले की एक टिक ११० मिलिसेकंदांवर जाते आणि सेकंदाला जेमतेम ९ होतात. दोघं-तिघं असलो आणि मुख्य वस्तीपासून लांब असलो तर २० च्या २०.

दुसरं दुखणं जास्त काळजीचं आहे. मध्येच सर्व्हर सरळ बंद पडतो. क्रॅश रिपोर्ट तयार होत नाही, लॉग अर्ध्या ओळीत तुटतो. होस्टिंगच्या पॅनेलवर फक्त दिसतं की प्रोसेस १३७ या कोडने संपली. होस्टिंगवाल्यांना विचारलं, तर उत्तर आलं की मोठा प्लॅन घ्या. एक्सएमएक्स (जावाच्या मेमरीची मर्यादा ठरवणारं सेटिंग) १२ जीबी आहे, पॅनेलने सुरुवातीपासून तेच ठेवलं होतं. मोठा प्लॅन घ्यायची तयारी आहे, पण कारण कळल्याशिवाय नको.

आता अडचण अशी की गटात दोन मतं पडली आहेत. काही म्हणतात नवीन जग सुरू करू, काही म्हणतात निम्मे मॉड काढून टाकू. मला दोन्ही पटत नाही. या जगात आम्ही क्रिएट मॉडने रेल्वे बांधली आहे. रूळ प्रत्येकाच्या दारापर्यंत जातात, आणि दर स्थानकावर फिरत्या अक्षरांची पाटी आहे, पुढची गाडी कोणाच्या घरी जाणार ते दाखवणारी. एका मैत्रिणीने रात्रपाळी सांभाळून, जमेल तेव्हा एकटीने येऊन, डोंगराच्या कड्यावर वाचनालय उभं केलंय. त्यातली शेल्फं, दिवे, खुर्च्या सगळी एका फर्निचरच्या मॉडची. तो मॉड काढला तर काय उरेल? आणि हे सगळं सोडून नव्या जगात पहिल्यापासून लाकडं तोडायची कल्पना मला सहन होत नाही.

तर माझे प्रश्न: कोड १३७ चं नेमकं कारण काय असावं? वस्तीजवळच लॅग (हे अडखळणं) का होतो आणि तो कोणत्या गोष्टीमुळे हे कसं शोधायचं? आणि चालू जगातून एखादा मॉड काढायचाच झाला, तर आधी काय तपासायचं? सेटिंगमध्ये व्ह्यू-डिस्टन्स (किती लांबचं दिसतं) १० आणि सिम्युलेशन-डिस्टन्स (किती लांबपर्यंत सगळं चालू राहतं) १०, दोन्ही मूळचंच आहे.

सविस्तर लिहिलंय, कारण अर्धवट माहितीवर कोणाला उत्तर देता येत नाही हे ठाऊक आहे. कुणी अशा गटाचा सर्व्हर सांभाळला असेल तर नक्की सांगा.

प्रतिसाद

१३७ म्हणजे १२८ अधिक ९. नववा सिग्नल म्हणजे किल. जावा स्वतः पडली असती तर तिने मागे काहीतरी लिहून ठेवलं असतं. तुमच्याकडे लॉग अर्ध्या ओळीत तुटतोय, म्हणजे तिला बाहेरून मारलंय, आणि अशा सर्व्हरवर ते बहुतेक वेळा मेमरीची मर्यादा ओलांडल्यामुळेच होतं.

एक्सएमएक्स ही फक्त हीपची, म्हणजे खेळाची माहिती ठेवायच्या जागेची मर्यादा असते. जावाला त्याबाहेरही जागा लागते: क्लासची (कोडच्या तुकड्यांची) माहिती, थ्रेड, नको झालेली मेमरी मोकळी करणाऱ्या भागाचा स्वतःचा हिशेब, नेटवर्कचे बफर. १८० मॉड म्हणजे हजारो क्लास, त्यामुळे ही बाहेरची जागा लहान नसते. प्लॅन १२ चा आणि हीपही १२ चा, तर या बाकीच्यांनी राहायचं कुठे? हीप भरत गेला की एकूण आकडा मर्यादेपलीकडे जातो आणि यंत्रणा प्रोसेस मारते. एक्सएमएक्स ९ जीबी करा, एक्सएमएसही (सुरुवातीलाच घ्यायची मेमरी) तेवढंच ठेवा. फोर्जमध्ये हे यूजर-जेव्हीएम-आर्ग्ज नावाच्या फाइलमध्ये लिहितात, पण भाड्याच्या सर्व्हरवर पॅनेल स्वतःचा आकडा घुसवतं. त्यामुळे पॅनेलच्या स्टार्टअप पानावरच बदला. मोठा प्लॅन आत्ता घेऊ नका. मेमरी वाढवून टिक लवकर संपत नाही.

प्रतिसाद

वरच्यांशी पूर्ण सहमत. मी लॅगबद्दल लिहितो.

ताई, तुमचं निरीक्षण अर्धं उत्तर देऊन गेलंय. वस्तीपासून लांब असलात की २०, वस्तीजवळ ९. म्हणजे वस्तीत असं काहीतरी आहे जे दर टिकला काम करतं. जगातला बहुतेक सगळा हिशेब एकाच मुख्य थ्रेडवर (कामाच्या एकाच रांगेत) होतो, म्हणून प्रोसेसरला कोअर कितीही असले तरी त्याचा उपयोग मर्यादितच.

अंदाज बांधण्यापेक्षा मोजा. पाच जण वस्तीत असताना स्पार्कचा प्रोफायलर सुरू करा, दहा मिनिटं नेहमीसारखं खेळा, मग थांबवा. अहवालाचा एक दुवा मिळेल. सुरू करताना 'ओन्ली-टिक्स-ओव्हर १००' हा पर्याय जोडलात तर फक्त रखडलेल्या टिकच त्यात येतील आणि चित्र स्पष्ट होईल. तिथल्या झाडासारख्या फांद्या फुटणाऱ्या यादीत सर्व्हर थ्रेड उघडत खाली जा. ब्लॉक एंटिटीखाली मोठी टक्केवारी असेल तर यंत्रं आणि हॉपर (सामान ओढून पुढे सरकवणारी नरसाळी), एंटिटीखाली असेल तर प्राणी, गावकरी, जमिनीवर पडलेल्या वस्तू.

माझा संशय हॉपरवर आहे. जुन्या वस्तीत सामान आपोआप वेगळं करणारी गोदामं असतातच. हॉपरच्या वर पेटी वगैरे काही नसेल तर तो वर एखादी वस्तू पडली आहे का हे पुन्हा पुन्हा शोधत बसतो, आणि हा शोध महाग असतो. वर एखादं सामान ठेवायचं भांडं आलं, की तो जमिनीवरच्या वस्तू शोधणं सोडून देतो. म्हणून ज्या हॉपरने वरून पडलेलं उचलायचं नाहीये, त्याच्या डोक्यावर कंपोस्टर (खताचं पिंप, तेही असंच भांडं धरलं जातं) ठेवा. काही मोडावं लागत नाही.

दुसरं, सिम्युलेशन-डिस्टन्स. १० म्हणजे प्रत्येक खेळाडूभोवती २१ गुणिले २१, म्हणजे ४४१ चंकमध्ये (जगाच्या चौकोनी तुकड्यांत) सगळं जिवंत राहतं. ते ६ केलंत तर १३ गुणिले १३, म्हणजे १६९. निम्म्याहूनही कमी. व्ह्यू-डिस्टन्स वेगळं असल्यामुळे ते १० किंवा ८ ठेवलं तरी डोंगर लांबून दिसतच राहतील. फक्त लांबची शेतं आणि फार्म कोणी जवळ नसताना थांबतील, हे गटाला आधी सांगून ठेवा, नाहीतर पीक का वाढेना म्हणून तक्रारी येतील.

प्रतिसाद

मॉड काढण्याबद्दल. फर्निचरच्या मॉडला हात लावू नका. सजावटीचे साधे ब्लॉक टिकमध्ये जवळपास काहीच खात नाहीत, ते नुसते उभे असतात. मॉडची संख्या कमी केली की लॅग जातो हा समज फार पसरलाय, पण १८० पैकी त्रास देणारे दोन-तीनच असतात.

मॉड काढला की त्याचे ब्लॉक ज्या चंकमध्ये होते तिथे हवा होते. तो चंक एकदा सेव्ह झाला, की नंतर तोच मॉड परत घातला तरी ब्लॉक येत नाहीत. त्या वाचनालयाची नुसती भिंत उरेल. म्हणून असा कुठलाही प्रयोग चालू सर्व्हरवर करायचाच नाही. वर्ल्ड, मॉड्स आणि कॉन्फिग हे तिन्ही फोल्डर आपल्या कॉम्प्युटरवर उतरवा, तिथे सर्व्हर सुरू करा, मॉड काढा, आणि जगात फिरून प्रत्येक इमारत डोळ्यांनी पाहा.

बॅकअप घेताना सर्व्हर चालू असेल तर कन्सोलवर आधी सेव्ह-ऑफ, मग सेव्ह-ऑल फ्लश, मग फोल्डरची प्रत, आणि शेवटी सेव्ह-ऑन. फाइल लिहिली जात असताना प्रत घेतली तर ती बिघडलेली निघू शकते, आणि जग ज्यात साठतं त्या एका रीजन फाइलमध्ये ३२ गुणिले ३२ चंक असतात, म्हणजे नुकसान छोटं नसतं. बॅकअप होस्टिंगच्याच डिस्कवर ठेवू नका. आणि तो एकदा तरी उघडून खेळून बघा.

भटकणारे मित्र असतील तर चंकी हा मॉडही घाला. नवीन जमीन घडवणं हे सर्व्हरचं फार जड काम, त्यात भूप्रदेशाचे मॉड असले की आणखीच. चंकी ती जमीन आधीच घडवून ठेवतो. त्रिज्या ३००० ब्लॉक दिलीत तर साधारण १,४०,००० चंक होतात, वेळ आणि डिस्क दोन्ही लागतात. कोणी खेळत नसताना चालवा, आणि तेवढ्यावर वर्ल्ड बॉर्डर (जगाची हद्द) लावा.

प्रतिसाद

प्लॅन बदलायचाच झाला तर रॅमचा आकडा बघू नका, प्रोसेसर कोणता आहे आणि त्याचा एक कोअर किती वेगवान आहे ते विचारा. जे सांगत नाहीत त्यांच्याकडे जाऊ नका.

घरच्या कॉम्प्युटरवर चालवायचा विचार असेल तर आधी राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ यांच्यात सुरू होत असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे (अनेक ग्राहकांमध्ये बाहेरचा एकच पत्ता वाटणारी सोय) आहात, २५५६५ पोर्ट कितीही फॉरवर्ड केलं तरी बाहेरून कोणी येऊ शकणार नाही. आठच जण आहात, तर टेलस्केल किंवा झीरोटिअर अशा, आपल्यापुरतं खासगी जाळं बनवणाऱ्या साधनाने काम भागेल.

आणि एक विनंती. गटात कोणी मॉडची जार फाइल चॅटवर पाठवली तर ती थेट घालू नका. जून २०२३ मध्ये फ्रॅक्चरायझर नावाचा व्हायरस कर्सफोर्ज या मॉडच्या साइटवरच्या काही मॉडमधून पसरला होता, म्हणजे नेहमीच्या ठिकाणीही डोळे उघडे ठेवावे लागतात. पॅकविझ हे मॉडची यादी सांभाळणारं साधन वापरलंत तर सगळ्यांकडे एकच यादी राहते आणि लॉंचर सुरू होताना फरक आपोआप उतरतो. श्वेतयादीही (फक्त ठरलेल्यांनाच सर्व्हरवर येऊ देणारी यादी) चालू आहे ना, तेवढं पाहा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. किती बारकाईने लिहिलंत!

एक्सएमएक्स ९ वर आणल्यापासून सर्व्हर एकदाही मध्येच बंद पडलेला नाही. प्रोफायलरचा अहवालही आला. संशय बरोबर होता, सगळ्यांत वर हॉपर. आमच्या सामाईक गोदामाच्या तळघरात त्यांच्या रांगाच रांगा आहेत, बहुतेकांच्या डोक्यावर काही नव्हतं. दोघांनी मिळून वर कंपोस्टर बसवले. त्याखालोखाल एका मित्राच्या मेंढ्यांचा वाडा निघाला, त्याने आपणहून कळप कमी केला. सिम्युलेशन-डिस्टन्स ६ केलं. काल सहा जण वस्तीत होतो आणि टिक ३८ मिलिसेकंदांवर होती. रेल्वे दारापर्यंत वेळेवर आली.

नवीन जगाचा विषय बंद झाला, आणि फर्निचरचा मॉडही जागच्या जागी आहे. प्रोफायलरचा अहवाल गटात दाखवला तेव्हा वाद आपोआप मिटला. श्वेतयादी चालू आहे.

एक शंका उरली. चंकी रात्री चालवताना प्लॅनच्या डिस्कची मर्यादा गाठली तर जग बिघडेल का?

प्रतिसाद

बिघडू शकतं, डिस्क भरल्यावर सेव्ह अर्धवट राहतात. आधी १००० त्रिज्येने चालवा, फोल्डर किती वाढला ते मोजा आणि त्याला नऊने गुणा, ३००० साठी साधारण तेवढी जागा लागेल. मध्येच थांबवायचं झालं तर चंकी पॉज, नंतर चंकी कंटिन्यू. आणि सुरू करण्याआधी बॅकअप.