चारही बाजूंनी डोंगर, तरी पाण्याचा हिशेब का जुळत नाही?

काठावरचा
गाव पुसदकडचं. चहूकडून डोंगर, मधे सपाट काळी जमीन, पाणी बाहेर जायला एकच वाट, खिंडीतला नाला. ग्रामसभेत गावाचा पाण्याचा ताळेबंद वाचला गेला. शेवटच्या ओळीत 'शिल्लक'. टाळ्या पडल्या. फेब्रुवारी लागला की विहिरी तळ का गाठतात, हे मात्र कोणी विचारलं नाही.

माझ्या मते घोळ डोंगरात आहे. सोप्या आकड्यांत मांडतो. समजा शिवार 1000 हेक्टर, पाऊस 800 मिमी. एकूण पडलं 8000 टीसीएम (1 टीसीएम म्हणजे 10 लाख लिटर). भूजल मोजणीचे निकष झिजलेल्या बेसाल्टमध्ये पावसाच्या 7 टक्के मुरतं असं धरतात. झाले 560. पण त्याच निकषांत 20 टक्क्यांपेक्षा जास्त उताराची जमीन मोजणीतून वगळायला सांगितली आहे. 400 हेक्टर डोंगर वगळा, उरतात 336. आता खर्च: 2000 माणसं, माणशी रोज 55 लिटर, वर्षाला 40 टीसीएम. 100 हेक्टर गव्हाला 400 मिमी पाणी दिलं तर 400. तूट शंभराच्या वर! डोंगर जमेत धरला म्हणूनच कागदावर शिल्लक दिसते. हा ताळेबंद फळ्यावरून पुसून टाका, असं माझं स्पष्ट मत.

मांजऱ्या
भाऊ, डोंगर वगळला हे बरोबर, पण डोंगरावरून घसरलेलं पाणी जातं कुठं? पायथ्यालाच येतं ना. तिथं दगडगोटे आणि भरड मुरूम, नाल्याचं पाणी त्यात शिरतं. तुमच्या हिशेबात या पाण्याला जागाच नाही.

आणि 7 टक्के कोणी ठरवले? विहीर खोदताना वर मुरूम, मग मांजऱ्या (छिद्राछिद्रांचा बेसाल्ट), मग काळा पाषाण, कुठं तांबडा गेरूसारखा थर लागतो. सच्छिद्र, भेगाळलेल्या मांजऱ्याला त्याच निकषांत 13 टक्के आहेत. तुमच्याच 600 हेक्टरला 13 लावा, 624 येतात. तूट गेली, शिल्लक आली, आणि डोंगराला हातही लावला नाही. ताळेबंद पुसायची घाई कशाला? आधी गावातल्या विहिरींचे थर लिहून काढा.

काठावरचा
म्हणजे टक्का बदलला की गाव श्रीमंत! मग टक्केवारी सोडा, विहिरीच मोजा. मे अखेरीची पातळी आणि पावसाळ्यानंतरची पातळी. समजा 4 मीटर चढली. या खडकात चढलेल्या थराच्या 2 टक्केच पाणी हाती लागतं असं धरतात. 600 हेक्टरला 480 टीसीएम.

मांजऱ्या
आणि त्या 2 टक्क्यांची मर्यादा 1 ते 3 आहे, हे सांगायचं राहिलं. म्हणजे 240 ही असेल, 720 ही असेल. शिवाय पावसाळ्यात कोणी पंप चालवला तर चढ तितका कमी दिसणार. मोजलेला आकडासुद्धा शेवटी अंदाजाच्याच टेकूवर उभा असतो.

वावरवाला
राजेहो, 7 का 13, यात काहून भांडून रायले? पानी कुठं जाते थे साऱ्याइले माईत हाय. धुऱ्याले धुरा लागून बोअर हाय. कायदा म्हनते शेतीसाठी 60 मीटरच्या खाली जाऊ नोका. कोन आयकते? मशीन रात्री येते, सकाळी निघून जाते. हिवरे बाजारनं शेतीसाठी बोअर बंद केले, ऊस बंद केला, मंगच ताळेबंदाले अर्थ आला. आपल्या गावात गहू कोन कमी करते ते सांगा पयले. डोंगराचं मंग पाहू.

नाल्याकाठची
दादा, तुमचं पटतं, पण "आधी गहू कमी करा" म्हणताना किती कमी, हे कोणत्या आकड्यावर सांगणार? पंधरा एकर की पन्नास? तिथं ताळेबंदच लागतो, चुकीचा का असेना.

मला वेगळंच खटकतं. तुम्ही सगळे मुरण्यावर भांडताय, आणि जे पाणी डोळ्यांदेखत जातं ते कोणी मोजत नाही. जलसंधारणाच्या कामात नाल्याचा अपधाव, म्हणजे वाहून जाणारं पाणी, आजही स्ट्रेंज नावाच्या अभियंत्याच्या तक्त्यावरून काढतात. तो तक्ता 1892 चा. पाणलोट चांगला, मध्यम की वाईट, एवढंच ठरवायचं आणि आकडा उचलायचा. आपल्याकडे तर एकच खिंड आहे, अशी सोय सपाटीवरच्या गावांना कुठली? खिंडीतला सिमेंट बांध 10 मीटर रुंद धरा. त्यावरून फूटभर पाणी तासभर वाहिलं की सुमारे 10 टीसीएम बाहेर गेलं. चार तासांत अख्ख्या गावाचं वर्षाचं पिण्याचं पाणी! बांधाच्या भिंतीवर रंगाने फूट-इंच मारा, आणि पूर आला की दर अर्ध्या तासाला कोणीतरी वाचा. खर्च एका डब्याचा.

गेरूचा थर
खिंड एकच हे जमिनीवरचं. खालचं काय? बेसाल्टचे थर जवळपास आडवे असतात, ते डोंगराचा माथा बघून थांबत नाहीत. आपलं पाणी थरातून पलीकडच्या खोऱ्यात झऱ्याने निघत असेल, तर ते ना बांधावर दिसेल ना विहिरीत.

लोणार बघा. चारही बाजूंनी कडा, बाहेर पडणारा नाला नाही, पाणी मुख्यतः वाफ होऊनच जातं, म्हणून क्षार मागे साचत राहिले. 2020 च्या जूनमध्ये पाणी आटून क्षार वाढले आणि तळं गुलाबी दिसलं. आपल्या विहिरी गोड आहेत. याचा अर्थ इथलं पाणी सतत कुठून तरी वाहून बाहेर जातंय.

काठावरचा
नाला आहे की! तोच दर पावसाळ्यात क्षार धुऊन नेतो. गोड पाण्यावरून जमिनीखालची गळती सिद्ध होत नाही. पण पलीकडच्या उतारावरचे झरे उन्हाळ्यात चालू असतात, हे नाकारत नाही. त्यांची धार बादली आणि घड्याळ घेऊन मोजता येईल.

नाल्याकाठच्या ताईंचं मान्य. या पावसाळ्यात बांधावर खुणा मारतो. मात्र ताळेबंदात 'शिल्लक' हा एकच आकडा नको. कमीत कमी आणि जास्तीत जास्त असे दोन लिहा, आणि रब्बी ठरवताना कमीतकमीचाच धरा.

वावरवाला
कमीतकमीचा धरला त हरबरा पेरा लागते, गहू नाई. ग्रामसभेत हे बोलान काय तुमी?

अन उपसा कसा मोजता? मोटारीले मीटर नाई, बिल एचपीवर. 7.5 एचपीपर्यंत 2024 पासून वीज माफ, त बिलाकडं कोन पायते? सोलर पंपाले त युनिटच नाई, सूर्य उगवला का पानी चालू. बांधावरचं फूट-इंच मोजून रायले, अन पाइपातलं तसंच सुटून रायलं.

मांजऱ्या
पाइपातलं पीक बघून मोजतात, वावरवाले. सातबाऱ्यावर गहू किती हेक्टर लिहिलाय ते काढायचं आणि 4 टीसीएमने गुणायचं. फक्त तलाठ्याकडच्या नोंदीत हरभरा आणि वावरात गहू, असं नको.