राहुल बजाज राज्यसभेत खरोखर ‘अपक्ष’ होते का?

सेवाग्रामकर: प्रमोद महाजन यांच्या निधनानंतर रिकाम्या झालेल्या जागेवर जून 2006 मध्ये उद्योगपती राहुल बजाज महाराष्ट्रातून अपक्ष निवडून आले आणि 2010 पर्यंत खासदार होते. उद्योजकाने संसदेत जायचं तर असंच जावं. अपक्षाला व्हिप, म्हणजे मतदानाबाबतचा पक्षादेश, नसतो. निवडून आल्यावर तो एखाद्या पक्षात गेला, तर राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टानुसार, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यानुसार, खासदारकीच जाते.

मतपेटी: व्हिप नाही म्हणजे मिंधेपण नाही, असं कसं? गणित मांडा. जागा एक, आमदार 288. सगळी मतं वैध ठरली तर निम्म्याहून एक जास्त, म्हणजे 145 लागतात. भाजप, शिवसेना आणि राष्ट्रवादीने बजाज यांना पाठिंबा दिला, म्हणून काँग्रेसचे अविनाश पांडे हरले. राष्ट्रवादी तेव्हा राज्यात काँग्रेसबरोबरच सत्तेत होती, हे विसरू नका. शिवाय 2003 पासून हे मतदान उघड आहे. पक्षाच्या आमदाराला आपली मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते, नाही तर ती रद्द होते. अशा वेळी उमेदवाराला 145 जणांची मनं वळवावी लागत नाहीत, मोजक्या नेत्यांचा होकार पुरतो. राहुल यांचे वडील कमलनयन बजाज 1957, 1962 आणि 1967 असे तीनदा वर्ध्याच्या मतदारांसमोर उभे राहून लोकसभेत गेले. मी त्याला प्रतिनिधित्व म्हणेन.

सेवाग्रामकर: वडिलांचा मुद्दा मान्य. पण नेत्यांचा होकार निवडणुकीपुरता. नंतर खासदाराला परत बोलावण्याची सोयच कायद्यात नाही. आणि 1993 च्या ‘बॉम्बे क्लब’ या उद्योजकांच्या गटापासून देशी उद्योगांची बाजू ते उघडपणे मांडत होते. त्यांची मतं आमदारांना आधीच ठाऊक होती.

नियम२९४: तुम्ही दोघंही हितसंबंधांवर बोलत नाही, आणि खरी गळती तिथेच आहे. राज्यसभेच्या नियम 293 नुसार खासदाराने पाच गोष्टी नोंदवायच्या: मानधनाचं संचालकपद, नियमित मोबदल्याचं काम, नियंत्रण देणारे शेअर, सशुल्क सल्लागारी आणि व्यावसायिक काम. नियम 294 सांगतो की, विषयात आर्थिक हितसंबंध असेल तर आधी तो जाहीर करा, मग बोला. जाहीर केल्यावर मात्र बोलायची मुभा आहेच! म्हणून तर विमान कंपनीचे मालक असलेले विजय मल्ल्या नागरी हवाई वाहतुकीच्या संसदीय समितीवर बसू शकले.

मतपेटी: मग नियमच बदला. ज्या धंद्यात मालकी, त्या खात्याच्या समितीवर सदस्यत्व नाही. अपक्ष असो वा पक्षाचा.

सेवाग्रामकर: समितीपुरतं मान्य. सभागृहात मात्र बोलू द्या. कारखाना चालवलेला माणूस अबकारी करावर बोलणार नसेल, तर त्याला तिथे पाठवायचं कशाला?