मदत हवी आहे : ताईचा हिस्सा द्यायला बाबांच्या फ्लॅटची किंमत कोणती धरायची? (ठाणे)

नमस्कार मंडळी,

बाबा गेल्या दिवाळीच्या तोंडावर गेले. मृत्युपत्र नाही. मागे आई, ताई आणि मी. नौपाड्यातला फ्लॅट त्यांनी १९८४ साली स्वतःच्या कमाईतून घेतलेला, त्यामुळे हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे तिघांचा सारखा हिस्सा. सोसायटीत नॉमिनी मी आहे. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे मला पक्कं ठाऊक आहे. आई आणि मी इथेच राहणार. ताईला तिच्या तिसऱ्या हिश्श्याचे पैसे देऊन तिच्याकडून हक्कसोडपत्र करून घ्यायचं, असं तिघांचं ठरलंय.

अडलंय ते आकड्यावर. एजंट चौरस फुटाला २२,००० च्या दराने १ कोटी ३४ लाख सांगतो. सरकारमान्य व्हॅल्युअरचा अहवाल १ कोटी १२ लाखांचा. रेडी रेकनरने (मुद्रांक शुल्कासाठीच्या सरकारी दरतक्त्याने) जेमतेम ८८ लाख होतात. पहिल्या दोघांतच ताईच्या हिश्श्यात सात लाखांहून जास्त फरक पडतो. ती तोंडाने काही बोलत नाही, पण भावोजींना एजंटचा आकडा खरा वाटतो. उद्या माझ्या बहिणीच्या मनात ‘भावाने कमी दिलं’ असं यायला नको, एवढंच मला हवंय.

व्हॅल्युअर आले तेव्हा प्रत्येक खोली मोजली. करारात ६१० चौरस फूट लिहिलंय, कार्पेट (भिंतींच्या आतलं वापरायचं क्षेत्रफळ) निघालं ४९२. स्वयंपाकघरातल्या बीमखाली त्यांनी किल्लीने ठोकून पाहिलं, प्लास्टर पोकळ वाजलं. आई दारातून म्हणाली, “पावसाळ्यात हे तिथे पातेलं ठेवायचे, तेही लिहून घ्या.” अहवालात ‘गळती’ असा एकच शब्द आलाय.

माझे प्रश्न : बाबा गेले त्या दिवसाची किंमत धरायची की आजची? आणि इमारतीच्या पुनर्विकासाची सभेत नुसती चर्चा झालीय, बिल्डर ठरलेला नाही. ते मोजायचं का?

प्रतिसाद १
आधी एजंटने २२,००० ला कशाने गुणलं ते बघा. ६१० ने गुणलं तर बरोबर त्याचा आकडा येतो. हल्ली दर कार्पेटवर बोलतात. ४९२ धरले तर १ कोटी ८ लाख होतात. म्हणजे तुमचं भांडण दराचं नसून क्षेत्रफळाचं आहे.

तारखेचं म्हणाल तर आपल्याकडे मालमत्तेवरचा मृत्युकर १९८५ मध्येच रद्द झाला, त्यामुळे मृत्यूच्या दिवसाची किंमत काढायचं कराचं कारण नाही. आपसात वाटणी करताना तिघांनी मिळून एक तारीख ठरवावी. मी व्यवहाराच्या जवळची धरेन.

ताई पैसे घेऊन हक्क सोडतेय, म्हणजे आयकरात ते हस्तांतर आणि कॅपिटल गेन (मालमत्तेच्या नफ्यावरचा कर) तिच्या माथी. घर २००१ च्या आधीचं आहे, तेव्हा मूळ खर्चाऐवजी १ एप्रिल २००१ ची बाजार किंमत धरता येते, मात्र त्या दिवसाचं मुद्रांक मूल्य (मुद्रांक शुल्कासाठी सरकार धरतं ती किंमत) उपलब्ध असेल तर त्याहून जास्त नाही. त्या तारखेचा दाखलाही त्याच व्हॅल्युअरकडून घ्या, आत्ताच. रेडी रेकनर दुय्यम निबंधकाकडे मुद्रांक शुल्कासाठी आणि कराचा हिशेब तपासायला लागेल. बहिणीचा हिस्सा ठरवायला तो वापरू नका.

पुनर्विकासावर आज पैसे मोजू नका. हवं तर ताईने आत्ता सही न करता सहमालक राहावं, बिल्डर ठरल्यावर बघा.

धागाकर्ता
मनापासून आभार. एजंटला फोन केला, त्याने ६१० नेच गुणलं होतं. ताईला दोन्ही कागद पाठवलेत. तिच्या ओळखीचा दुसरा व्हॅल्युअर तिनेच बोलवावा आणि फी मी द्यावी, असं म्हटलं. ती म्हणाली, फी अर्धी अर्धी. रविवारी येतेय. सहमालक राहायचा पर्याय तिच्यासमोर मी स्वतःच ठेवणार आहे. १ एप्रिल २००१ चा दाखला देणारे ठाण्यात कुणाच्या अनुभवातले व्हॅल्युअर असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.